जुन्या स्टिरिओचा आवाज स्वस्तात सुधारायचाय? आधी या चुका टाळा

बास येत नाही, गाणं पोकळ वाटतं, म्हणून नवे स्पीकर घ्यायला निघण्याआधी वायरी तपासा. एका बाजूचं प्लस-मायनस उलटं जोडलेलं असेल तर एका स्पीकरचा कोन (आवाज काढणारा हलता पडदा) बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, आणि दोघं मिळून बास मारून टाकतात. गायकाचा आवाजही मधोमध न येता खोलीभर विखुरतो. खात्री करायला अँप (अँप्लिफायर) बंद करून मागची वायर सोडवा आणि तिची टोकं दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलला क्षणभर टेकवा, अँपच्या प्लसमधलं टोक सेलच्या प्लसला. दोन्ही बाजूंचे वूफर (बास वाजवणारे मोठे स्पीकर) एकाच दिशेला हलले पाहिजेत, बहुतेक स्पीकरमध्ये बाहेर. सेल धरून ठेवू नका. खर्च शून्य.

तसाच फुकटचा उपाय म्हणजे जागा बदलणं. शोकेसमध्ये कोंबलेला किंवा कोपऱ्यात ढकललेला स्पीकर गुबगुबीत, घुमणारा बास देतो. भिंतीपासून फूटभर पुढे घ्या, ट्वीटर (बारीक, उंच सूर वाजवणारा छोटा स्पीकर) तुम्ही बसल्यावर कानाच्या उंचीला आणा आणि दोन स्पीकरमधलं अंतर तुमच्यापासूनच्या अंतराइतकं ठेवा.

खरा पैसा वाया जातो तो वूफरवर. कोनभोवतीची फोमची कड बऱ्याचदा पंधरा-वीस वर्षांत भुसभुशीत होऊन झडते, दमट हवेत त्याहून लवकर. मग लोक बाजारातून त्याच इंचाचा ‘पॉवरफुल’ वूफर आणून बसवतात. भोक जुळतं, आवाज जुळत नाही. कारण डब्याचं आकारमान आणि त्याच्या मागच्या किंवा पुढच्या हवेच्या नळीची लांबी मूळ वूफरच्या हिशोबाने ठरलेली असते. कॉइल (कोनमागची तारेची गुंडाळी) शाबूत असेल तर नुसती कड बदला. ‘आठ इंची’ एवढंच सांगून कड मागू नका. फ्रेमच्या आतला-बाहेरचा आणि कोनचा व्यास मोजून न्या. जुना फोम आणि गोंद पूर्ण खरवडा. नवी कड आधी कोनला चिकटवा, वाळू द्या, मग फ्रेमला. गोंद वाळल्यावरही लवचीक राहणारा हवा. झटपट चिकटणारा कडक होऊन तडकतो. फ्रेमला चिकटवताना कोन बोटांनी सगळीकडून सारखा दाबून पाहत राहा. खरखर आली तर कॉइल घासतेय, लगेच कोन सरकवून मधोमध आणा. चिकटवल्यावर पुढचे चोवीस तास स्पीकर वाजवू नका.

ट्वीटर मंद झाला असेल तर तो बदलण्याआधी क्रॉसओव्हरमधला (बास वूफरला आणि उंच सूर ट्वीटरला वाटून देणाऱ्या सर्किटमधला) कपॅसिटर पाहा, कारण जुना इलेक्ट्रोलिटिक प्रकारचा कपॅसिटर वाळतो. बदली त्याच क्षमतेचा, म्हणजे ४.७ मायक्रोफॅरडच्या जागी ४.७चाच, आणि नॉन-पोलर, म्हणजे प्लस-मायनस नसलेला. साधा पोलर लावलात तर लवकर जाईल.

वॉटच्या आकड्यांना भुलू नका, पीएमपीओच्या (डब्यावर छापलेल्या फुगवलेल्या वॉटच्या) तर मुळीच नाही. ८५ डेसिबल संवेदनशीलतेचा (तेवढ्याच पॉवरमध्ये किती मोठा वाजतो त्याचा आकडा) स्पीकर ८८ डेसिबलवाल्याइतका मोठा वाजवायला अँपला दुप्पट पॉवर द्यावी लागते. छोटा अँप पूर्ण पिळला की सिग्नल फाटतो आणि पहिला ट्वीटरचा बळी जातो. ‘कमी वॉटचा अँप म्हणजे सुरक्षित’ हा समज इथेच महागात पडतो. आणखी एक: आठ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) दोन स्पीकर समांतर जोडले की अँपला चार ओहम दिसतात. अँपच्या मागे किमान आठ लिहिलं असेल तर तो तापेल, बंद पडेल किंवा जळेल.

वायरीवर हजारो घालवण्यात काही अर्थ नाही. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची दुहेरी वायर दहा मीटरपर्यंत आठ ओहमच्या स्पीकरला पुरते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जुना माल घेताना मल्टीमीटर (ओहम मोजणारा मीटर) खिशात ठेवा. सुटा आठ ओहमचा वूफर साधारण सहा-सात दाखवतो, चार ओहमचा तीन ते साडेतीन. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलेली आहे, दुकानदार काहीही म्हणो.