मॅटिंग वाळवलं आणि गाडी बंद पडली? या चुका टाळा

श्रावणात कोकणात गाडीचं दार उघडलं की कुबट वास येतो. मॅटिंगवर पाय दाबला की खालचा फोम पाणी सोडतो. गाडी फणसाखाली उभी असेल तर वायपरखालच्या जाळीत पाला साचून पाण्याची वाट बुजते. नाहीतर एसीची पाणी सोडणारी नळी तुंबते आणि पाणी डाव्या सीटच्या पायाशी उतरतं. गणपतीआधी गाडी कोरडी व्हावी म्हणून आपण घरीच सीट काढतो, मॅटिंग पडवीत वाळत घालतो, गंजलेला पत्रा घासून रंगवतो. सगळं परत बसवून चावी फिरवावी, तर गाडी गप्प.

लगेच नवी बॅटरी आणायला धावू नका. आधी बॅटरीला मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, लावा. बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२ च्या खाली असेल तर दोन दिवस दारं उघडी राहून आतल्या दिव्याने ती उतरवली असण्याची शक्यता मोठी, चार्ज करा. आकडा चांगला असूनही गाडी दाद देत नसेल, तर दोष बहुतेक तिथेच आहे जिथे तुमचा हात लागला होता.

माझी चूक रंगाची होती. हर्णैला घरी पत्रा घासला, रेड ऑक्साइड मारलं, सगळं जागच्या जागी लावलं. मग इंडिकेटर दिला की आतला दिवा त्याच तालावर मिणमिणायचा, काच अर्ध्यावर थांबायची, मीटरचे काटे नाचायचे. फ्यूज बदलण्यात माझा अख्खा दिवस गेला. वायरमन काका आले आणि गाडीला हात लावण्याआधी म्हणाले, “काय काय खोललंत ते आधी सांगा.” ऐकून त्यांनी थेट दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी उचकटली. खाली अर्थिंगचा, म्हणजे करंट पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणारा बोल्ट होता. मी वायरची रिंग सोडवून तिथेही रंग दिला होता आणि रंगावरच बोल्ट आवळला होता. रंगातून वीज जात नाही. करंटला परतीची वाट मिळेना, म्हणून तो दुसऱ्या दिव्यांमधून वाट शोधत होता. पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासला, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलिन लावलं आणि सगळं सुरळीत झालं.

अर्थिंग तपासणं अवघड नाही. हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवा. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी त्या रिंगवर टेकवा. ०.१ व्होल्टच्या आसपास आलं तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर जोड खराब आहे. खाऱ्या हवेत कपलरच्या, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडाच्या पिनांवरही तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक चढतो. तो कॉन्टॅक्ट क्लीनरने काढा.

सीटखालचे पिवळे कपलर एअरबॅगचे आणि सीटबेल्टचे असतात. त्यांना मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प कधीही लावू नका, एअरबॅग फुटू शकते. ते सोडवण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबा. कपलर सुटे असताना काच खाली घ्यायला म्हणून चावी फिरवली, तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि बऱ्याच गाड्यांत कपलर परत जोडूनही विझत नाही. तो स्कॅनर लावूनच घालवावा लागतो.

फ्यूज नवा घातला की लगेच उडतोय? मग वायर कुठेतरी पत्र्याला टेकली आहे. सीटच्या पायाखाली चिमटली असेल, किंवा लांब स्क्रू चुकीच्या भोकात जाऊन वायरिंगमध्ये घुसला असेल. शेवटी लावलेले स्क्रू एकेक करून काढून बघा. लाल १० अँपियरच्या जागी पिवळा २० चा घालणं म्हणजे फ्यूजऐवजी वायर जळू देणं आहे. चांदीचा कागद तर अजिबात नको.

सेल्फ फिरतोय, इंजिन चालू होत नाही आणि चावीचा दिवा लुकलुकतोय, तर स्टिअरिंगखालचं कव्हर काढताना चावीभोवतीच्या रिंगचा कपलर सुटलाय का पाहा. सेल्फच फिरत नसेल आणि तुमच्या गाडीला क्लच दाबून स्टार्ट लागत असेल, तर क्लच पेडलवरचा स्विच बघा. मॅटिंग ओढताना तो सहज निखळतो.

पुराचं पाणी आत शिरलेल्या गाडीला मात्र यातलं काही लावू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात बुडाल्या तशा गाडीची चावीही फिरवायची नाही. निगेटिव्ह काढा आणि गाडी टोइंग करून न्या.

पट्ट्या लावण्याआधी हॉर्न, काचा, सगळे दिवे चालवून पाहा. फोम वरून कोरडा लागला तरी आत ओला असतो, म्हणून दाबून बघितल्याशिवाय मॅटिंग बसवू नका. आणि वायपरखालची जाळी साफ केल्यावर तिथे तांब्याभर पाणी ओता. ते बाहेर, चाकाजवळ पडलं पाहिजे.