वर मोडला की उंबरठा सापडला? स्टार वॉर्सचं कथानक तपासायची रीत

कोकणातल्या दशावतारी नाटकात नरसिंहाचं आख्यान लागलं की बसलेल्या प्रत्येकाला हिरण्यकशिपूचा वर तोंडपाठ असतो. घरात नाही, बाहेर नाही. दिवसा नाही, रात्री नाही. माणसाकडून नाही, पशूकडून नाही, शस्त्राने तर नाहीच. लिहिलेली संहिता नसते, संवाद नट जागेवर रचतात, तरी शेवटी नरसिंह तिन्हीसांजेला उंबरठ्यावर बसून नखांनीच पोट फाडतो. वर मोडलेला नसतो, त्यातली फट शोधलेली असते. स्टार वॉर्ससारखी १९७७ पासून चालू असलेली अंतराळ-चित्रपटांची गाथा तपासायला याहून चांगली कसोटी नाही. आधीच्या भागाने कोणता वर दिला होता, आणि पुढच्या भागाने तो मोडला की उंबरठा शोधला, एवढंच बघायचं.

त्यामुळे अंतराळात स्फोटाचा आवाज कसा येतो, ही शंका वहीत घ्यायची नाही. तो या जगाचा पहिल्या दिवसापासूनचा संकेत आहे. दशावतारात एकच बाकडं घटकेत सिंहासन होतं आणि घटकेत रथ, त्याला कोणी हरकत घेत नाही. हरकत तेव्हा घ्यायची, जेव्हा सिंहासन म्हणून मांडलेल्या बाकड्यावर राजा बसलेला असताना कोणी ते रथ म्हणून ओढायला लागतं.

तपासणी एकट्याने करण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून केलेली बरी, आणि कोकणात त्याला पावसाळ्यासारखा मोसम नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, संध्याकाळी घराबाहेर पडवत नाही. मुख्य नऊ चित्रपट आणि २०१६ चा 'रोग वन' असे दहा धरा. आठवड्याला एक घेतला तर नारळी पौर्णिमेच्या आसपास संपतात. पहिला चित्रपट १२१ मिनिटांचा आहे, थांबवत-थांबवत बघायला तीन-साडेतीन तास लागतात. प्रत्येक चित्रपट दोनदा बघायचा. पहिल्यांदा वही मिटून, नुसता आनंदाने, आणि हे टाळायचं नाही. पहिल्याच फेरीला पेन हातात घेतलं की चुका दिसतात, पण गोष्ट कुठे धरून ठेवते ते कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय चूक किती मोठी हे ठरत नाही. पावसात वीज जाणारच. म्हणून दर नोंदीपुढे मिनिट लिहा, म्हणजे पुन्हा सुरू करताना शोधाशोध होत नाही.

क्रम प्रदर्शनाचा ठेवा, कथेतल्या काळाचा नाही. १९७७, १९८०, १९८३, मग १९९९, २००२, २००५, मग २०१५ पासून पुढचे. 'रोग वन' २०१५ आणि २०१७ च्या मध्ये येतो. कथेतल्या काळाप्रमाणे बघितलं तर दोष भलत्याच चित्रपटाच्या नावावर पडतो. जुन्या तिन्ही चित्रपटांचा नायक ल्यूक, आणि त्याची जुळी बहीण लेया. लेयाचंच बघा. १९८३ मध्ये ती ल्यूकला सांगते की आई आपण फार लहान असताना गेली, पण तिचा चेहरा, तिची उदासी थोडी आठवते. २००५ मध्ये पद्मे, म्हणजे या दोघांची आई, बाळंतपणातच मरते. आधी २००५ चा बघितलात तर लेया चुकीचं बोलतेय असं वाटेल. खरं तर तिचा शब्द २२ वर्षं आधी दिलेला होता, आणि तो पाळायची जबाबदारी नंतरच्या चित्रपटाची होती.

आवृत्ती कोणती हेही पानाच्या डोक्यावर लिहा. १९९७ मध्ये जुन्या तिन्ही चित्रपटांत बदल झाले, २००४ मध्ये पुन्हा झाले. पहिल्या चित्रपटात तस्कर हान सोलो आणि त्याला पकडायला आलेला ग्रीडो यांच्या प्रसंगात आधी गोळी कोणाची, हे आवृत्तीवर अवलंबून आहे, आणि त्यावर हानचा सगळा स्वभाव उभा आहे. एकाने जुनी आणि दुसऱ्याने नवी बघून वाद घातला तर रात्र फुकट जाते. हिंदी डब बघायला हरकत नाही, पण वराचे शब्द मूळ इंग्रजी आवाजात पुन्हा ऐका. वरात एकेक शब्द मोलाचा असतो.

वही दोनशे पानी घ्या आणि उभे चार रकाने आखा. वर, वेळ आणि अंतर, कोणाला काय ठाऊक, किंमत. 'वर' म्हणजे या जगात काय जमतं आणि काय जमत नाही. 'किंमत' म्हणजे जे घडलं त्यासाठी कोणी काय गमावलं. तिसरा रकाना लोक कंटाळून सोडतात, पण निम्मी विसंगती तिथेच सापडते, कारण लेखक स्वतःला ठाऊक असलेलं चुकून पात्रालाही ठाऊक आहे असं धरतो. नोंद अशी दिसली पाहिजे:

२०१७, द लास्ट जेडाय. वर: प्रकाशवेगाची उडी घेताना जहाज शत्रूच्या जहाजावर घातलं तर ते चिरलं जातं. मागे बघा: मग दोन्ही डेथ स्टारवर (ग्रह उडवणारे शत्रूचे तळ) हे कोणी का केलं नाही? पुढे बघा: २०१९ मध्ये एका पात्राच्या तोंडी, ही युक्ती लाखात एकदा जमते. किंमत: ते जहाज घालणाऱ्या होल्डोचा जीव. निकाल: किंमत चोख, पण उंबरठा नाही, मागून लावलेलं ठिगळ.

'मागे बघा' ही ओळ प्रत्येक नव्या शक्तीपुढे लिहायचीच. २०१९ मध्ये नव्या चित्रपटांची नायिका रे फोर्सने, म्हणजे या जगातल्या अदृश्य शक्तीने, जखम भरते. किंमत तिथेच सांगितली आहे, आपल्या जिवातला थोडा जीव द्यावा लागतो, आणि शेवटी तिला वाचवताना बेन तीच किंमत पूर्ण मोजतो. इथवर उत्तम. पण मागे बघितलं की २००५ उभा राहतो. जेडाय म्हणजे फोर्स वापरणारे योद्धे. त्यांतला अनाकिन, पुढचा वेडर, बायको पद्मेला वाचवायच्या ध्यासाने खलनायक पॅल्पटीनच्या जाळ्यात जातो, कारण त्याला दुसरा मार्गच नाही. बरं करण्याची विद्या जेडायांकडे असती तर त्याच्या पतनाचा पायाच हलतो. ती विद्या हरवली होती किंवा निषिद्ध होती, असं एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य नाही.

वेळ आणि अंतराचा रकाना भरायला कोकणात कोणाला शिकवावं लागत नाही. हर्णै किंवा देवगडच्या तांडेलाला, म्हणजे मासेमारी होडीच्या प्रमुखाला, डिझेल किती, बर्फ किती, परत यायला किती तास, हा हिशेब बोटांवर असतो. तोच हिशेब २०१७ च्या पाठलागाला लावा. रेझिस्टन्स या बंडखोरांच्या ताफ्याचं इंधन मोजक्या तासांत संपणार, शत्रूची, म्हणजे फर्स्ट ऑर्डरची जहाजं मागे, वेग सारखा. तांडेल पहिला प्रश्न हाच विचारेल: मागच्या ताफ्यातलं एक जहाज उडी मारून पुढे जाऊन वाट का अडवत नाही? दुसरा प्रश्न रेझिस्टन्सच्या फिन आणि रोज या दोघांचा. ते छोट्या यानातून त्याच पाठलागातून निघतात, दूरच्या ग्रहावर जातात आणि परत येतात. म्हणजे वाट मोकळी होती. मुदत चित्रपटाने स्वतःच्या तोंडाने सांगितली आहे, म्हणून हिशेब मागायचा आपल्याला हक्क आहे.

याच्या उलट १९८० चा चित्रपट. हानच्या मिलेनियम फाल्कन यानाचा हायपरड्राइव्ह, म्हणजे प्रकाशवेगाची उडी मारणारं इंजिन, बिघडलेला, तरी ते सगळे बेस्पिन ग्रहावर पोचतात. तिकडे ल्यूक डॅगोबा ग्रहावर जेडाय गुरू योडाकडे शिकतोय. फाल्कनचे दिवस मोजले तर शिक्षण फार थोडं झालं असं निघतं. शिक्षणाला महिने दिले तर फाल्कनवाले इतके दिवस काय करत होते, असा प्रश्न येतो. हिशेब जुळत नाही, तरी बघताना टोचत नाही. एक तर पडद्यावर दिवसांचा आकडा कुठेच उच्चारलेला नाही. दुसरं आणि मोठं कारण, ल्यूकचं शिक्षण अपुरं आहे हे योडा स्वतः बजावतो, आणि ल्यूक हरतो, हात गमावतो. परिणाम कारणाशी जुळतो. अशा जागी 'सैल गाठ' लिहा, 'विसंगती' लिहू नका. या दोन शब्दांची गल्लत हीच नव्याने तपासणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक. त्यांच्यासोबत आणखी दोन शब्द ठेवा, 'योगायोग' आणि 'नावड'. योगायोगाने पात्र संकटात सापडलं तर चालतं, योगायोगाने सुटलं तर दोष. नावड वेगळ्या पानावर लिहा आणि निकालात धरू नका. म्हातारा ल्यूक बेटावर एकटा, खचलेला आहे हे पटत नसेल तर ते मत आहे. ते मोलाचंही असेल, पण तर्काचा दोष नाही.

पात्राचा शब्द आणि जगाचा नियम हेही वेगळं ठेवा. १९७७ मध्ये ल्यूकचा गुरू ओबी-वान त्याला सांगतो की वेडरने तुझ्या वडिलांना मारलं. १९८० मध्ये वेडरच वडील निघतो. १९८३ मध्ये ओबी-वान म्हणतो की एका दृष्टीने ते खरंच होतं. हे आधीपासून ठरलेलं नव्हतं. १९८० च्या चित्रपटासाठी लेखिका ली ब्रॅकेटने १९७८ मध्ये लिहिलेल्या खर्ड्यात ल्यूकचे वडील वेगळे आहेत आणि आत्म्याच्या रूपात त्याला भेटतात. तरी हा बदल टिकला, कारण नियम मोडला नाही, फक्त एका माणसाचं बोलणं खोटं पडलं, आणि ल्यूक त्याला तोंडावर जाब विचारतो. म्हणून 'आधी ठरवलं होतं का' हा प्रश्न वहीत नको. नंतर सुचलेलंही चालतं, पण ते बसवावं लागतं.

दुरुस्ती बसली की नाही, हे एका प्रश्नाने कळतं. त्या दुरुस्तीमुळे जुना प्रसंग पुन्हा बघावासा वाटतो का? ज्यातून डेथ स्टार उडवला जातो ते त्याचं दोन मीटरचं भोक १९७७ पासून थट्टेचा विषय होतं. 'रोग वन'ने ती कमजोरी डेथ स्टार घडवणाऱ्या गेलन अर्सोनेच मुद्दाम ठेवली असं दाखवलं, आणि जुना हल्ला एकदम एका बापाच्या सूडाचा शेवट झाला. हा खरा उंबरठा. हान सोलोच्या 'बारा पार्सेक'चं तसं नाही. पार्सेक हे अंतराचं माप, साधारण ३.२६ प्रकाशवर्षं, आणि हान ते वेगाच्या फुशारकीसाठी वापरतो. २०१८ च्या 'सोलो'ने त्याला जवळची धोक्याची वाट जोडून दिली. हिशेब बसला, पण हानची थाप जास्त गोड होती.

पॅल्पटीनचं २०१९ मधलं पुनरागमन तपासताना 'किंमत' रकाना आधी उघडा. १९८३ मध्ये वेडर त्याला खोल विवरात फेकतो आणि त्यातच स्वतः मरतो. तो परत आला की वेडरच्या मरणाचं मोल घटतं, म्हणून कारण भक्कम लागतं. चित्रपटात क्लोनिंगचा ओझरता उल्लेख आहे, आणि ज्या संदेशाने सगळी गोष्ट सुरू होते तो पडद्यावर ऐकूच येत नाही. तो 'फोर्टनाइट' या गेममध्ये ऐकवला होता. इथे नियम कडक ठेवा: पुस्तक, गेम, विकी यांतून मिळालेलं उत्तर चित्रपटाच्या खात्यात जमा करायचं नाही. ते हवं तर समासात लिहा.

स्वतःची मराठी अंतराळमालिका लिहायला घेतली असेल तर हीच वही उलटी वापरा, आधी रकाने, मग प्रसंग. 'बॅबिलॉन ५' ही अमेरिकन अंतराळमालिका (१९९३ ते १९९८) पाच वर्षांचा आराखडा करूनच सुरू झाली होती, आणि तिचा कर्ता स्ट्रॅझिन्स्कीने प्रत्येक मुख्य पात्रासाठी बाहेर पडायची वाट आधीच ठेवली होती. पहिल्या पर्वानंतर नायकच बदलावा लागला, तरी गोष्ट चालली. शेवट सगळ्यांना ठाऊक असेल तर 'रोग वन'च्या आधीची गोष्ट सांगणाऱ्या 'अँडोर' मालिकेचं दुसरं पर्व बघा. बारा भाग, तीन-तीन भागांत एकेक वर्ष, अशी चार वर्षं, आणि शेवट थेट 'रोग वन'च्या दारात. पुढे काय होणार हे माहीत असल्यामुळे ओढ सगळी किंमतीच्या रकान्यात आहे. आपल्या मालिकेत पाचव्या भागात नवी शक्ती आणाविशी वाटली, तर 'मागे बघा'ची ओळ आधी लिहा, आणि पहिल्या चार भागांत तिने सुटला असता असा एकही प्रसंग सापडला तर शक्तीला अट घाला. अट सापडेपर्यंत पाचवा भाग पुढे नेऊ नका.