तरुणांच्या आरोग्याचा सर्व्हे करताय? या चुका टाळा

१८ ते २५ वयाच्या मुलामुलींच्या आरोग्यावर प्रोजेक्ट करणारे विद्यार्थी दरवर्षी माझ्याकडे येतात. विषय बदलतात, चुका त्याच राहतात.

पहिली चूक म्हणजे कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गूगल फॉर्म टाकायचा, दोन दिवसांत उत्तरं गोळा करायची आणि वर मथळा द्यायचा, ‘नवी मुंबईतील तरुणांचे आरोग्य’. वाशीच्या एपीएमसीत गोणी उचलणारा पोरगा यात कुठे आहे? रबाळे एमआयडीसीतला कंत्राटी कामगार? ऐरोलीची नाइट शिफ्ट संपवून सकाळी झोपणारी मुलगी? झोप, तंबाखू, कंबरदुखी, अवेळी जेवण हे प्रश्न त्यांच्याकडे जास्त, आणि आपण त्यांनाच वगळतो. मी शिफ्ट सुटायच्या वेळी गेटवर उभी राहते, रविवारी वस्तीत जाते. वेळ लागतो, लागू द्या. तेवढं जमणार नसेल तर निदान मथळ्यात ‘एका कॉलेजातील विद्यार्थी’ असं खरं लिहा.

दुसरी चूक मला झोपू देत नाही. नैराश्य मोजायला सगळे पीएचक्यू-९ वापरतात. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे, फुकट आणि झटपट. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. इथल्याच एका कॉलेजातल्या मुलांनी तो निनावी फॉर्ममध्ये विचारला. विश्लेषणाला बसल्यावर एका ओळीत ‘जवळजवळ रोज’ दिसलं. उत्तर आठवडाभर तसंच पडून होतं. कोणाचं, कुठल्या वर्गातलं, कळायला मार्ग नव्हता. आम्ही वर्गावर्गांत जाऊन बोललो, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फळ्यांवर लिहिला. ते लेकरू आमच्यापर्यंत आलं नाही.

म्हणून माझा नियम आहे. नववा प्रश्न विचारायचा तर समोर बसून, आणि माणूस उठण्याआधी त्याचं उत्तर बघायचं. समुपदेशक कोण, हे आधी ठरलेलं हवं. जिवाला धोका दिसला तर गोपनीयता बाजूला ठेवू, हे संमतीपत्रातच लिहायचं. एवढी तयारी नसेल तर पीएचक्यू-८ वापरा, त्यात तो प्रश्न नाही. ‘मॅडम, सबमिशन जवळ आलंय’ हे कारण मी ऐकून घेत नाही.

बीपी घेताना पाच मिनिटं बसू द्या. स्टेशनचे जिने चढून आलेल्याचा, नुकताच चहा प्यायलेल्याचा बीपी लिहू नका. दोनदा मोजा, जाड दंडाला मोठा कफ, म्हणजे बीपी मशीनचा पट्टा, लावा.

आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. पाश्चात्त्य तक्त्यातले २५ आणि ३० उचलले की निम्मा प्रश्न कागदावरून गायब होतो.

सर्व्हेत अकरावी-बारावीची मुलं घेणार असाल तर लक्षात ठेवा, त्यातली बहुतेक १८ च्या आतली असतात. पालकांची संमती आणि मुलांचा स्वतःचा होकार, दोन्ही घ्या.

आणि हिमोग्लोबिन तपासलंत तर रिपोर्ट त्या मुलीच्या हातात द्या. एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, म्हणजे तुमच्या यादीतही अशा मुली निघणारच. कुणाचं हिमोग्लोबिन ८, म्हणजे फारच कमी, आलं तर त्याच दिवशी फोन करा आणि जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात तिच्यासोबत जा. तक्ता नंतर भरता येतो.