जुनी स्विफ्ट डिझेल घेताय? आधी हे बघून घ्या

2007 नंतरची, ते फियाटचं 1248 सीसी मल्टीजेट इंजिनवाली स्विफ्ट बघायला सकाळी लवकर जा, गाडी थंड पाहिजे, बोनेटला हात लावून बघा, गरम लागलं तर समजा मालकाने आधीच चालू करून ठेवलीय. स्टार्ट करताच पहिले दोन-तीन सेकंद साखळी खडखडल्यासारखा आवाज आला तर टायमिंग चेन (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करायला लावणारी आतली साखळी) ढिली झालेली असू शकते. "चेन आहे हो, लाईफटाईम चालते" असं ऐकवतात, पण ऑइल वेळेवर बदललं नसेल तर तिची पण वाट लागते, आणि चेन बदलायच्या कामात मजुरीच जास्त जाते.

क्लच जड लागला तर पूर्ण सेटचे मजुरीसकट साधारण 10 हजार धरा. खड्ड्यात पुढून खटखट म्हणजे बहुतेक सस्पेन्शनमधले लोअर आर्मचे बुश (रबराचे तुकडे) नाहीतर लिंक रॉड, किरकोळ आहे, फक्त भाव पाडायला वापरा.

काळा धूर आणि पिकअप नाही? आधी ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, काजळीने तुंबतो) साफ करून बघा, मेकॅनिकला लगेच इंजेक्टरला (इंजिनात डिझेल फवारणारे पार्ट) हात घालू देऊ नका, चारही बदलायचे म्हटले तर एवढ्या जुन्या गाडीला परवडत नाही. 15 वर्षं होत आली असतील तर री-पासिंग (आरटीओत गाडीची पुन्हा नोंदणी) आणि ग्रीन टॅक्स (जुन्या गाडीवरचा जादा कर) पण हिशोबात धरा.