मयताच्या घरी पुनरुत्थानाबद्दल बोलायचं कसं

मंडळीत कुणी गेलं की दफन झाल्यावर संध्याकाळी घरी प्रार्थना असते, आणि पाळकसाहेब बाहेरगावी असले किंवा उशिरा पोचणार असले की कुणीतरी हळूच येऊन म्हणतं, भाऊ तुम्हीच दोन शब्द बोला ना. माझ्यावर ही वेळ बऱ्याचदा आली. पहिल्या एक-दोन वेळा मी उभं राहून सांगितलं की रडू नका, ती चांगल्या ठिकाणी गेली. पुढे माझी आई गेली आणि तेच वाक्य मला येणाऱ्या प्रत्येकाकडून ऐकावं लागलं, तेव्हा कळलं की त्यात पुनरुत्थान कुठेच नाही, नुसती घाई आहे समोरच्याचं रडणं थांबवायची. तेव्हापासून वाचत गेलो, विचारत गेलो, आणि जे हाताशी लागलं ते इथे लिहितोय, म्हणजे तुमच्यावर अचानक वेळ आली तर उपयोगी पडेल.

आधी बसा

बोलायच्या आधी बसायचं, आणि हे मी मनापासून सांगतोय. योहान ११ उघडा. लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेत, मार्था गावाबाहेर येऊन येशूला तोंडावर म्हणते, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरीया येते, तीही तेच म्हणते. येशू दोघींपैकी एकीलाही रागावत नाही. आणि त्याला माहीत आहे की थोड्या वेळात तो लाजराला हाक मारून बाहेर काढणार आहे, तरी वचन काय म्हणतं, "येशू रडला". दोनच शब्द. ज्याच्या हातात पुनरुत्थान होतं तो रडला, मग आपण कोण त्या घरातल्या बाईला सांगणारे की रडू नकोस?

लोक लगेच १ थेस्सलनीका ४:१३ काढतात, पण पौल तिथे ज्यांना आशा नाही अशांसारखा खेद करू नका म्हणतो, खेदच करू नका असं म्हणत नाही. हा फरक आधी स्वतःला नीट समजला पाहिजे, मग तुमचं बोलणं आपोआप मऊ होतं. त्या दिवशी पाच-सात मिनिटांच्या वर बोलू नका, त्या माणसांनी सकाळपासून काही खाल्लेलं नसतं.

काय वाचायचं

१ करिंथ १५ हा आपला मुख्य अध्याय, पण त्यात ५८ वचनं आहेत आणि पहिल्याच संध्याकाळी सगळा वाचला तर विसाव्या वचनानंतर कुणी ऐकत नाही. मी पहिल्या दिवशी योहान ११ मधली २१ ते २७ आणि ३२ ते ३६ एवढीच वाचतो. "पुनरुत्थान व जीवन मीच आहे" हे वाक्य आलं की थांबायचं, लगेच समजावत बसायचं नाही. घरात म्हातारी माणसं असतील तर त्यांना २३ वं स्तोत्र पाठ असतं, ते त्यांनाच म्हणू द्या, त्यांचा आवाज कापला तरी चालेल.

आठवड्याने परत प्रार्थना असेल तेव्हा १ करिंथ १५:२० ते २६, आणि महिन्याने ३५ ते ४४. असं तुकड्या-तुकड्याने घेतलं की घरातली माणसं मधल्या दिवसांत स्वतः वाचतात, हे मी बघितलंय.

घरात कॉलेजची मुलं असतील तर ती विचारतात की हे खरंच झालं का. त्यांना गप्प बसवू नका. त्यांना त्याच अध्यायाची ३ ते ८ वचनं दाखवा. हे पत्र साधारण इ.स. ५५ च्या सुमाराचं, म्हणजे वधस्तंभाला जेमतेम वीस-पंचवीस वर्षं झालेली, आणि पौल नावं घेतो, केफा म्हणजे पेत्र, याकोब, आणि पुढे पाचशेपेक्षा जास्त बांधव, त्यातले बहुतेक अजून हयात आहेत असं तो लिहितो. म्हणजे जा आणि विचारा त्यांना, असंच ते झालं ना. आणि हेही सांगा की त्या पहाटे बायका कबरेकडे निघाल्या त्या सुगंधद्रव्यं घेऊन, मेलेल्या देहाला लावायला. धोंड कोण लोटणार ही त्यांची काळजी. तो उठलेला असेल असं त्यातल्या एकीच्याही मनात नव्हतं. आपल्या मयताच्या घरात जी हबकलेली, काही न सुचणारी माणसं बसलेली असतात ना, तशीच ती होती.

दाण्याचं उदाहरण

पौल म्हणतो ख्रिस्त हा झोपी गेलेल्यांतलं प्रथमफळ. हा शब्द आपण इतक्या वेळा ऐकतो की त्याचं काही वाटेनासं होतं, म्हणून तो शेतात नेऊन सोडा. लेवीय २३ मध्ये आहे, पिकाची पहिली पेंढी याजकाकडे आणायची, तो ती परमेश्वरापुढे ओवाळणार, आणि तोपर्यंत नव्या पिकातलं काही खायचं नाही. वल्हांडण या यहुदी सणाच्या दिवसांतलं हे, तिकडे इस्राएलात तेव्हा जव पिकतो. आपल्याकडे नगर-सोलापूरच्या भागात रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि फेब्रुवारी-मार्चात काढतात, म्हणजे ईस्टर येतो तेव्हा ज्वारी घरात असते किंवा खळ्यावर. त्यामुळे शेतकऱ्याच्या घरात हे समजवायला कष्ट पडत नाहीत. पहिली पेंढी हातात आली म्हणजे मागे शेतात उभं आहे ते त्याच पेऱ्याचं, त्याच मातीतलं, आज ना उद्या तेही घरी येणार. ख्रिस्त पहिली पेंढी, आणि आज आपण ज्याला मातीत ठेवलं तो त्याच शेतातला.

१ करिंथ १५ च्या ३७ व्या वचनात पौल सांगतो की तू पेरतोस तो नुसता दाणा असतो, पुढे येणारं रोप नव्हे. लहान मुलं असतील तर त्यांच्या हातावर खरोखर ज्वारीचे दोन दाणे ठेवा. विचारा, याच्यात ताट दिसतं का, कणीस दिसतं का? नाही दिसत. पण उगवलं तर ज्वारीच उगवणार, बाजरी नाही. म्हणजे आजीच उठणार, दुसरं कुणी नाही, फक्त तिचे गुडघे दुखणार नाहीत. एका घरात सात-आठ वर्षांच्या मुलीने मला विचारलं होतं की आजी मला ओळखेल का, आणि मी तिला मग्दालीया मरीयेची गोष्ट सांगितली, की कबरेपाशी उठलेला येशू तिला आधी माळी वाटला, पण त्याने नावाने हाक मारल्याबरोबर तिने ओळखलं.

इथे एक काळजी घ्या. दाणा आपसूक उगवतो, मेलेला माणूस आपसूक उठत नाही. पौलाचं क्रियापद बघा, "उठवले जाते". उठवणारा देव आहे. हे सुटलं तर आपण वसंत ऋतूची कविता सांगतोय असं होतं, आणि मयताच्या घरातलं माणूस तेवढ्यावर उभं राहू शकत नाही.

मुक्ती म्हणजे काय ते गहाणखतावरून सांगा

आता जिथे आपल्या मराठी माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो ते. मुक्ती हा शब्द आपण लहानपणापासून वेगळ्या अर्थाने ऐकलेला असतो, देहातून सुटका, जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. ख्रिस्ती घरातसुद्धा माणसं नकळत तेच बोलतात, आत्मा मोकळा झाला, शरीर काय मातीचं भांडं. पण रोमकरांस ८:२३ मध्ये पौल शरीराच्या मुक्तीची वाट पाहण्याबद्दल बोलतो. शरीरापासून म्हणत नाही, शरीराची म्हणतो. मला हे कळलं त्या दिवशी मी आईच्या हातांचा विचार करत बसलो होतो, भाकरी थापून थापून जाड झालेले हात, आणि पहिल्यांदा वाटलं की ते हात देवाच्या हिशेबात आहेत.

समजवायला आपल्याकडे फार चांगला शब्द आहे, सोडवणं. जमीन गहाण असते, दागिना गहाण असतो, तो आपलाच असतो पण दुसऱ्याच्या ताब्यात, आणि कुणीतरी रक्कम भरून तो सोडवून आणतो. लेवीय २५ मध्ये नेमकं हेच आहे, भाऊ गरिबीने जमीन विकून बसला तर जवळच्या नातेवाईकाने ती सोडवायची. रूथच्या चौथ्या अध्यायात बवाज वेशीवर दहा वडीलधाऱ्यांना बसवून ते करतो, अधिक जवळचा नातेवाईक मागे सरतो आणि पायातलं पायतण काढून देतो. अशा सोडवणाऱ्या नातलगाला हिब्रूत गोएल म्हणतात, आणि ईयोब १९:२५ मध्ये राखेत बसलेला ईयोब माझा उद्धारक जिवंत आहे म्हणतो तिथेही हाच शब्द. मार्क १०:४५ मधली खंडणी पण त्याच जातीची, पैसे भरून बंदीवान सोडवायचा.

आता हे सगळं एका जागी आणा. पापामुळे माणूस मरणाकडे गहाण पडला, येशू आपलं रक्तमांस घेऊन नातेवाईक झाला, वधस्तंभावर किंमत भरली, आणि तिसऱ्या दिवशी तो उठला ती त्या भरण्याची पावती. गहाणातली वस्तू अजून घरी आलेली नाही, कबर अजून बंद आहे, हे खरं. पण कागद फाडला गेलाय. मी एवढंच बोलतो आणि थांबतो. सावकाराच्या दारात उभे राहिलेले म्हातारे हे एका मिनिटात समजतात, त्यांच्यासाठी वेगळी थिऑलॉजी लागत नाही.

हा शब्द कसा जगायचा ते पंडिता रमाबाईंकडे बघून कळतं. केडगावात त्यांनी जे उभं केलं त्याचं नावच मुक्ती, आणि दुष्काळात उपाशी मुलींना आणून त्यांनी जेवण, कपडे, शिक्षण दिलं, म्हणजे शरीराचीच काळजी. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्या हयातीतच गेली. बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी त्यानंतरही सोडलं नाही, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या.

लोक विचारतात ते

दहन केलं तर पुनरुत्थान होईल का? हा प्रश्न कोविडमध्ये फार ऐकला, कारण काही ख्रिस्ती घरांना दफन करताच आलं नाही, आणि ती टोचणी अजून गेलेली नाही. त्यांना लिओनच्या हुतात्म्यांबद्दल सांगा. इ.स. १७७ मध्ये गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, त्या गावी ख्रिस्ती लोकांना मारलं, देह जाळले आणि राख रोन नदीत ढकलली, का तर आता बघू हे कसे उठतात. मंडळीने त्यांना उठणाऱ्यांतच मोजलं. देवाने मातीतून घडवलं तर राखेतून अवघड नाही. कॅथलिक मंडळीने १९६३ पासून दहनाला परवानगी दिलीये, फक्त २०१६ च्या सूचनेप्रमाणे राख विखरायची नाही, साधारणपणे घरातही ठेवायची नाही, पवित्र जागी ठेवायची. घर कॅथलिक असेल तर हे फादरांना विचारूनच करा.

आत्ता तो कुठे आहे? ख्रिस्ताजवळ, एवढंच म्हणा. शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला येशूने "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" म्हटलं होतं. पण उठणं अजून पुढे आहे हेही सांगा, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं सगळं उरकलं.

आणि जो गेला त्याच्या विश्वासाबद्दल घरात शंका असेल, किंवा त्याने स्वतः जीव दिला असेल, तर निकाल देऊ नका. कुठल्याच बाजूने. देवाला चांगली माणसं लागतात, अशी वाक्यं सुद्धा नकोत, आई आपल्या लेकराला चांगलं असल्यामुळे गमावलं असं ऐकते आणि ते तिच्या मनातून वर्षानुवर्षं जात नाही.

पुढचा ईस्टर

खरं काम पहिल्या ईस्टरला असतं, आणि बहुतेक जण तोपर्यंत विसरलेले असतात. आदल्या शनिवारी त्या घरच्यांना फोन करा, उद्या पहाटे येणार का विचारा, गाडी नसेल तर घ्यायला जा. पहाटे कबरस्तानात जमायची ही पद्धत १७३२ मध्ये जर्मनीतल्या हेर्नहुटच्या मोरेव्हियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांपासून सुरू झाली, आणि आपल्याही कितीतरी मंडळ्या उजाडायच्या आत तिथे उभ्या असतात. शनिवारीच कबर झाडून घ्या, चुना लावा, गवत उपटा, मुलांना बरोबर घ्या. पहाटे कुणीतरी "ख्रिस्त उठला आहे" म्हणतं आणि सगळे "खरोखर उठला आहे" म्हणतात, तेव्हा त्या घरच्यांच्या तोंडून आवाज निघाला नाही तर तुम्ही त्यांच्या वाटचं म्हणा.

पांगायच्या आधी त्या कबरेजवळ जाऊन गेलेल्या माणसाचं नाव मोठ्याने घ्या, पूर्ण नाव. मग थर्मासमधला चहा तिथेच बाहेर भिंतीला टेकून सगळ्यांना द्या, बरोबर काही खायला असेल तर तेही, आणि कुणाला घाई करू नका. उठलेल्या प्रभूने सुद्धा तिबिर्याच्या सरोवराच्या काठावर कोळशाच्या विस्तवावर मासे आणि भाकर ठेवली होती, आणि रात्रभर जागलेल्या त्या माणसांना म्हणाला होता, या, न्याहारी करा.