पाऊस-बर्फ मिसळून पडला तर मोजायचा कसा?

वसंताच्या सुरुवातीच्या वादळात आधी पाऊस, मग गारठलेले कण, शेवटी ओला बर्फ असा सगळा गोंधळ एकाच रात्री होतो. पर्जन्यमापकाचे नरसाळे बर्फाने बुजते, वरचा बर्फ वाऱ्याने उडून जातो आणि सकाळचा आकडा खोटा निघतो.

उपाय सोपा आहे.

१. रात्री पारा शून्याखाली जाणार असेल, तर नरसाळे आणि आतली नळी काढून घरात ठेवा. बाहेर फक्त मोठे नळकांडे राहू द्या.

२. सकाळी ते आत आणा. आतल्या नळीने मोजून कोमट पाणी घ्या, समजा १० मिमी, आणि बर्फावर ओता.

३. सगळे वितळले की नरसाळ्यातून नळीत ओतून मोजा. नळी भरली तर आकडा लिहून रिकामी करा, उरलेले पुन्हा मोजा. एकूण २३ मिमी भरले, तर वजा १० करून खरी नोंद १३ मिमी. (ओतलेले पाणी आधीच कागदावर लिहा, नंतर हमखास विसरते.)

बर्फाच्या जाडीला १० ने भागून पाणी काढायची सवय या दिवसांत सोडाच. ओल्या बर्फाच्या ५ सेंमी थरातही १० मिमी पाणी निघू शकते.

मात्र उकळते पाणी ओतू नका, थंडीने कडक झालेले प्लास्टिक तडकते.