ऑटोक्लेव्ह केलं म्हणजे एंडोटॉक्सिन गेलं असं नाही: या चुका टाळा

रत्नागिरी-मालवण पट्ट्यातल्या मुलांचा एक प्रोजेक्ट मी पुन्हा पुन्हा बघतो. कातळावरचं शेवाळ आणायचं, अर्क काढायचा, उंदराच्या मॅक्रोफेज पेशींवर (जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशींवर) टाकायचा आणि ‘रोगप्रतिकारशक्ती वाढली’ असं लिहून मोकळं व्हायचं. विषय चांगला आहे, मुलं मेहनती आहेत. पण पेशी नेमक्या कशाने चिडल्या, हे बघायला कोणी थांबत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ऑटोक्लेव्हवरचा, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रावरचा, आंधळा विश्वास. १२१ अंशांना जिवाणू मरतात. मात्र ग्राम-निगेटिव्ह या मोठ्या गटातल्या जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एलपीएस, बरंचसं शाबूत राहतं. यालाच एंडोटॉक्सिन म्हणतात. ०.२२ मायक्रॉनचा फिल्टरही ते अडवत नाही. मॅक्रोफेजवरचा टीएलआर-४ हा रिसेप्टर ते ओळखतो आणि मिलिलिटरला नॅनोग्रॅमभर एलपीएससुद्धा पुरतं. जिवाणू जिवंत आहे की मेलेला, याच्याशी पेशीला देणंघेणं नसतं.

एका मुलीने सारगॅसम या तपकिरी शेवाळाचा अर्क काढला होता. ग्रीस रीएजंट घातल्यावर प्लेटमधल्या वेल (छोटे खळगे) गर्द गुलाबी झाल्या, म्हणजे चिडलेल्या पेशींनी सोडलेलं नायट्रिक ऑक्साइड भरपूर. गाईडना घाई, पोस्टर छापायला निघालेलं. मी एवढंच विचारलं, “नुसतं पाणी याच वाटेने नेलंस का गं?” नेलं नव्हतं. मग शेवाळ न घालता तेच पाणी, तीच भांडी, तोच फिल्टर, तेच गाळणं-आटवणं केलं. त्या कोऱ्या अर्कानेही वेल तितक्याच गुलाबी झाल्या. एलपीएसला बांधून ठेवणारं पॉलिमिक्सिन बी त्यात घातल्यावर रंग उतरला. दोष डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनचा होता. पावसाळ्यात भरून ठेवलेला, नळाच्या तोंडाशी बोटाला बुळबुळीत लागणारा. स्यूडोमोनास हा ग्राम-निगेटिव्ह जिवाणू अशा पाण्यातही तग धरतो आणि वाढतो. ताजं एंडोटॉक्सिनमुक्त पाणी आणि भाजलेली भांडी घेऊन पुन्हा अर्क काढला, तेव्हा जेमतेम फिकट छटा आली. पोस्टर थांबलं. मुलगी रडली, पण तिचं काम आता खरं होतं.

म्हणून माझी सवय: कोरा अर्क केल्याशिवाय मी प्लेट बघतच नाही. काचेची भांडी २५० अंशांना निदान अर्धा तास कोरड्या ओव्हनमध्ये भाजायची, प्लास्टिक एंडोटॉक्सिनमुक्त घ्यायचं. ‘उकळून बघितलं, काम तसंच राहिलं’ हा पुरावा फक्त प्रथिनांच्या बाबतीत उपयोगी. शेवाळातलं पॉलिसॅकराइड (साखरेची लांब साखळी) उकळूनही टिकतं आणि एलपीएसही टिकतं, मग त्यातून कळणार काय? एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी जरूर करा, मात्र सारगॅसमसारख्या तपकिरी शेवाळात लॅमिनारिन असतं. ते बीटा-ग्लुकन, म्हणजे ग्लुकोजची एक साखळी, असल्यामुळे चाचणी खोटीच पॉझिटिव्ह येऊ शकते. ग्लुकन अडवणारं बफर वापरा.

एलपीएसची कुपी वापरण्याआधी नीट व्हॉर्टेक्स करा, म्हणजे यंत्रावर जोरात घुसळा, ते भांड्याला चिकटतं.

एलपीएसचा उंदराचा डोस दुसऱ्या प्राण्याला लावू नका. उंदीर जे पचवतो त्याने घोडा किंवा माणूस शॉकमध्ये जाईल.

सी३एच/एचईजे या प्रयोगशाळेतल्या जातीचे उंदीर एलपीएसला दाद देत नाहीत, कारण त्यांचा टीएलआर-४ बिघडलेला आहे. शास्त्रज्ञ ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने हे १९९८ मध्ये दाखवलं. आपल्या उंदरांची जात कोणती, हे वहीत लिहिलेलं असायलाच हवं.

आता कोळंबी. खाजणातल्या तलावांवर ‘कोळंबीची लस’ म्हणून पावडरी खपवल्या जातात, याचा मला मनापासून राग येतो. कोळंबीकडे अँटिबॉडी नाहीत. तिच्या रक्तपेशी एलपीएस, पेप्टिडोग्लायकन आणि बुरशीचं बीटा-ग्लुकन ओळखतात आणि प्रोफिनॉलऑक्सिडेजची साखळी, म्हणजे जंतूंना काळ्या रंगद्रव्यात कोंडणारी संरक्षण-प्रक्रिया, सुरू होते. पेप्टिडोग्लायकन म्हणजे जिवाणूच्या भिंतीची मूळ जाळी. पण माणसाच्या लसीसारखी पक्की, वर्षानुवर्षांची आठवण यातून मिळत नाही. पावडर रोज जास्त टाकली म्हणून संरक्षण त्या प्रमाणात वाढेल, असंही नाही.

प्रयोगशाळेत याच विषयात आणखी एक घोळ होतो. साधं, कमी शुद्ध एलपीएस आणायचं आणि मिळालेला सगळा प्रतिसाद एलपीएसच्या नावावर टाकायचा. फळमाशीच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. इमड मार्ग, म्हणजे माशीच्या पेशींमधली जंतूविरोधी संदेश-साखळी, एलपीएसने जागा होतो असं बरीच वर्षं मानलं गेलं, नंतर कळलं की काम त्यात मिसळलेल्या डीएपी प्रकारच्या (ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंमध्ये आढळणाऱ्या) पेप्टिडोग्लायकनचं होतं. कोळंबीच्या पेशींवर काम करणाऱ्यांनी अतिशुद्ध एलपीएस आणि पेप्टिडोग्लायकन वेगवेगळ्या वेलमध्ये लावावं. तेवढा खर्च झेपत नसेल, तर निष्कर्षात ‘एलपीएस’ न लिहिता ‘व्हिब्रिओच्या (कोळंबीला रोग करणाऱ्या जिवाणूच्या) भिंतीचा कच्चा अर्क’ असं लिहावं.